'आमच्याकडे बघण्यासारखे काही नाही' : डिझाइनच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी एक धागा

दरवर्षी जुलै लागला की या पानाच्या निरोपपेटीत इतिहासाशी वरवर काहीही संबंध नसलेले प्रश्न येऊन पडू लागतात. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे, लॅपटॉप कोणता घ्यावा? वर्ग सुरू होण्यापूर्वी कोणते सॉफ्टवेअर शिकून ठेवावे? पोर्टफोलिओत काय असावे? किल्ले, नाणी आणि शिलालेख यांवर धागे लिहिणाऱ्या माणसाला हे विचारण्यात अर्थ काय, असे मला पूर्वी वाटे. नंतर ध्यानात आले की वीरगळांची रेखाटने करता करता, मोडीचे वळण गिरवता गिरवता, गडाच्या दरवाजाचा नकाशा वहीत उतरवता उतरवता आपल्यातील कितीतरी वाचक या शिक्षणाकडे वळले आहेत. त्यांनी मला विचारले तर त्यात नवल नाही.

यंदाच्या एका निरोपातील एक वाक्य मात्र मनातून जाईना. अंबरनाथच्या एका मुलीने लिहिले होते : "आमच्याकडे बघण्यासारखे काही नाही, त्यामुळे रोज मुंबई गाठणे आले." तिला मी घाईने दोन ओळी पाठवल्या आणि मग वाटले की याचे उत्तर दोन ओळींत मावणारे नाही. म्हणून हा धागा. उल्हासनगर आणि बदलापूरच्या मुलांनीही तो आपल्यासाठीच आहे असे समजावे.

प्रथम १८६८ सालाकडे जाऊ.

मुंबईत तेव्हा एक कलाशाळा होती. वय वर्षे अकरा. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये तिच्यासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ च्या मार्चमध्ये वर्ग सुरू झाले. आज आपण जिला 'जेजे'ची जुनी इमारत म्हणतो ती अजून उभी राहायची होती. ती १८७८ ची. शाळेचे प्रमुख होते जॉर्ज विल्किन्स टेरी. जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग हे दोन तरुण शिक्षक १८६५ मध्ये विलायतेहून येऊन दाखल झालेले होते. हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे, मोजमापी आलेख आणि प्लास्टरचे ठसे करून घ्यावेत, असे धोरण सरकारने त्या सुमारास धरले होते. युरोपातही तेच वारे वाहत होते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने तेथील अनेक राजपुत्रांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या : आपापल्या देशातील श्रेष्ठ कलाकृतींच्या प्रतिकृती करवून एकमेकांच्या संग्रहालयांना द्याव्यात.

मुंबई इलाख्यात या कामासाठी जी वास्तू पुढे आली ती अंबरनाथचे शिवमंदिर. टेरींच्या देखरेखीखाली कलाशाळेचे विद्यार्थी तेथे गेले. त्यांनी मंदिर मोजले, कागदावर उतरवले, शिल्पांचे ठसे घेतले. १८७४ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'च्या तिसऱ्या खंडात या मंदिरावरचा सचित्र लेख आला, तो या कामाच्या बळावर. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्येच सुरू झाला होता. तो अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारातूनच जातो. तेव्हा, ज्या मुलीला रोज मुंबई गाठावी लागणार आहे तिने एवढे लक्षात ठेवावे की मुंबईच्या कलाशाळेला शिकण्याजोगे काही हवे होते तेव्हा ती शाळा तिच्या गावी आली होती.

आता त्या कामाचे स्वरूप पाहा; पहिल्या वर्षाविषयी मला जे सांगायचे आहे ते बहुतेक त्यातच आहे.

अंबरनाथच्या मंदिराची बाहेरची भिंत सरळ नाही. ती वीतभर पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते, आणि प्रत्येक वळणावर सावलीची एक उभी रेघ पडते. तळाशी कीर्तिमुखांचा आणि हत्तींचा थर, त्यावर मूर्तींचे पट्टे, त्यावर पुन्हा आडव्या रेषा. दुरून पाहिले की डोळ्यांना सुख होते. वही उघडून बसले की अर्ध्या तासात घाम फुटतो. कारण या भिंतीत 'साधारण असे' काही नाही. ओळंबा सोडावा लागतो, एक आधाररेषा ठरवावी लागते, आणि भिंतीचा प्रत्येक पुढावा त्या रेषेपासून मोजावा लागतो. एक माप चुकले की पुढची दहा मापे आपोआप चुकतात आणि कोपरा जुळत नाही. कोपरा न जुळणे हा तुमचा पहिला प्रामाणिक परीक्षक. त्याला गुण वाढवून मागता येत नाहीत.

शिखराची गोष्ट आणखी बिकट आहे. हे मंदिर भूमिज शैलीचे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंना मध्यभागी एकेक उभा पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा रचलेल्या असतात, आणि वर जाताना प्रत्येक रांग खालच्या रांगेपेक्षा लहान होत जाते. अंबरनाथचे शिखर आज पुरते उभे नाही. गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते. तेव्हा उरलेल्या रांगांचे प्रमाण मोजायचे, ती किती वेगाने लहान होत आहेत ते काढायचे, सिन्नरचे गोंदेश्वर किंवा माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर यांच्या शिखरांशी ताडायचे आणि मग नाहीशा झालेल्या रांगा कागदावर उभ्या करायच्या. आज ज्याला तुमचे शिक्षक पॅरामेट्रिक म्हणतील, ते गणित अकराव्या शतकातल्या सूत्रधाराने दोरीने केलेले आहे. सूत्रधार म्हणजे मुळात मापाची दोरी ज्याच्या हाती तो. नाटकवाल्यांना हा शब्द ठाऊक आहेच.

मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. बहुतेक देवळांत आपण चढून देवापर्यंत जातो, येथे उतरून. उजेडातून अंधाऱ्या मंडपात, तेथून खाली, आणि खाली गेल्यावर वरून पडलेला उजेड. (हा शेवटचा उजेड मूळ योजनेतला नाही, तो पडझडीचा आहे, तरी त्याचा परिणाम विलक्षण आहे.) माणसाच्या पावलांनी आणि डोळ्यांनी काय अनुभवावे याची योजना करणे याला हल्ली लांबलचक इंग्रजी नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याची फी भरण्यापूर्वी या पायऱ्या एकदा मोजून या.

आता एका आकड्याची गोष्ट.

मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूस, तुळईवर, एक शिलालेख आहे. गावात विचाराल तर मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले असे सांगतील. शिलालेख मात्र शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजे मुम्मुणी, याचे नाव घेतो. छित्तराजाच्या काळात आरंभलेले काम मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे आज सामान्यतः मानतात. या लेखाचे वाचन प्रथम केले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि त्यांनी शकवर्ष वाचले ७८२. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचला आणि आकडा ९८२ असल्याचे दाखवले. म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाच्या वळणाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. राजा बदलला, शैलीचा इतिहास बदलला.

हे भगवानलाल कोण? भाऊ दाजींचेच साहाय्यक. जुनागढचा हा मुलगा गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या शिलालेखापुढे बसून, प्रिन्सेपने लावलेल्या लिपीच्या तक्त्याशी अक्षर न् अक्षर ताडत वाचायला शिकला होता. १८६० च्या दशकाच्या आरंभी तो मुंबईला भाऊ दाजींकडे आला आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांच्या नकला करून आणू लागला. नकला करणे हेच त्याचे काम. मालकाची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला कोणत्याही पदवीने दिला नव्हता. हजारो अक्षरे हाताखालून गेल्यामुळे कोणत्या शतकात कोणता अंक कसा वळतो हे त्याच्या बोटांना ठाऊक झाले होते. ज्यांना अक्षररचनेकडे, म्हणजे टायपोग्राफीकडे जायचे आहे त्यांनी ही कथा विसरू नये. आपल्या काळात र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी देवनागरीचा 'मंगल' हा टंक घडवला. विंडोज वापरणाऱ्या आपणा बहुतेकांची पहिली संगणकीय मराठी त्याच टंकात दिसली. जोशी मूळचे सुलेखनकार. बोरूचा हात आधी, संगणक नंतर.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही नकलेची भलामण करता आहात. होय. पण पुरती नाही, आणि येथे मला थोडे थांबून बोलायचे आहे.

त्या काळच्या सरकारी कलाशिक्षणाचा आदर्श लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवायचे आणि ते हुबेहूब काढायचे. भूमितीची चित्रे काढायची. नक्षीचे नमुने गिरवायचे. या पद्धतीत एक अहंकार दडलेला होता. देशी कारागिराजवळ हात आहे, डोके आम्ही देऊ, असा. ज्या सूत्रधाराने अंबरनाथ उभारले त्याच्या हाती योजना आणि छिन्नी दोन्ही होत्या. कलाशाळेने योजना करणारा एक आणि घडवणारा दुसरा अशी फाळणी शिकवली, आणि ती आपण अजून निभावतो आहोत. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर फासलेल्या रोगणाने त्या चित्रांचे नुकसानही केले. आणि लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. एकाच लेण्यांच्या नकला दोनदा विलायतेत जळाव्यात हा योग चमत्कारिकच म्हणायचा.

तरीही माझे मत असे की पहिल्या वर्षात नक्कल करावी, भरपूर करावी, आणि ती वस्तूसमोर बसून करावी. पडद्यावरचे चित्र पाहून केलेल्या नकलेत कोणी तरी तुमच्या आधी चौकट ठरवलेली असते, उजेड ठरवलेला असतो, नको ते कापलेले असते. पिंटरेस्टवर मंदिराच्या भिंतीचे शेकडो फोटो मिळतील. मागच्या बाजूला शेवाळ धरलेला, नाक तुटलेल्या मूर्तींचा कोपरा कोणी टाकलेला नसतो. आणि आता तर दोन ओळी टंकल्या की यंत्र 'शिलाहार शैलीतील' मंदिर क्षणात काढून देते. मी काढून पाहिले. दिसायला भव्य होते. लतांचा पत्ता नव्हता, रांगा वर जाताना मध्येच मोठ्या झाल्या होत्या. ही चूक ओळखण्यासाठी माझ्याजवळ जे होते ते मला यंत्राने दिलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट सलते. १८६८ च्या कामाचा उल्लेख जेथे जेथे येतो तेथे टेरींचे नाव येते. उन्हात परांचीवर चढून मापे घेणाऱ्या मुलांना सामान्यतः 'कलाशाळेचे विद्यार्थी' एवढीच ओळख मिळते. त्यांच्यात कोणी अंबरनाथकडचा होता का, कोणी सुताराचा, कोणी सोनाराचा मुलगा होता का, हे आपल्यासारख्या वाचकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तुम्हाला एक अगदी साधी सवय लावून घ्यायला सांगतो : प्रत्येक रेखाटनाखाली स्वतःचे नाव, ठिकाण, तारीख. गटाने काम केले तर सगळ्यांची नावे. शिडी धरणाऱ्याचेही. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून जेजेत आले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले; 'कलामंदिरांतील एक्केचाळीस वर्षे' हे आत्मकथन त्यांनी लिहिले म्हणून त्या शाळेच्या आतले जग आज मराठीत वाचता येते. ते पुस्तक मिळवून वाचा. पहिल्या वर्षाच्या वाचनाची यादी करायला मला सांगितले तर ते पहिले असेल.

आता लोकलविषयी. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. या प्रवासाची तक्रार मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. सकाळच्या गर्दीत ड्रॉइंग बोर्ड घेऊन चढणे हे काही गंमतीचे काम नव्हे. पण शेवटच्या स्थानकावर उतराल तेव्हा मान वर करा. १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ही इमारत उभी राहिली. सीताराम खंडेराव आणि एम. एम. जनार्दन हे अभियंते त्यांच्यासोबत होते. तिच्यावरील दगडी पानेफुले, पक्षी, प्राणी आणि जाळीकामाच्या सजावटीत जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तेथून चालत काही मिनिटांवर त्यांची शाळा. म्हणजे तुमच्या रोजच्या मार्गाच्या एका टोकाला त्या शाळेच्या मुलांनी नकललेले मंदिर आणि दुसऱ्या टोकाला त्याच शाळेच्या मुलांनी सजवलेले स्थानक. या दोहोंत वीस वर्षांचे अंतर आहे. त्या वीस वर्षांत नक्कल करणारा हात स्वतःचे पोपट-माकड कोरू लागला. हा पास कोणत्याही संग्रहालयाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो.

मंदिरावर मी फार रेंगाळलो. पण डिझाइन म्हणजे फक्त देवळे नव्हेत, आणि या पट्ट्यात तर मुळीच नव्हेत.

अंबरनाथला विम्कोचा कारखाना होता. तो तेथे का आला याचे उत्तर एका करात आहे. १९२२ मध्ये सरकारने परदेशी काड्यापेट्यांवरील जकात वाढवून ग्रोसमागे दीड रुपया केली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. पेट्या आणून विकणे परवडेना, तेव्हा जगभर काड्यापेट्यांचा धंदा मुठीत ठेवणाऱ्या स्वीडिश कंपनीने येथेच कारखाने काढायचे ठरवले. त्यातून १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विम्को, जन्मली. आता त्या पेटीवरच्या छापाकडे पाहा. दोन इंचांची जागा, मोजके रंग, स्वस्त कागद. आणि गिऱ्हाईक बहुधा अक्षरओळख नसलेले. ते दुकानात चित्राच्या नावाने पेटी मागणार : घोडा छाप, जहाज छाप. म्हणजे चित्र असे हवे की तोंडाने उच्चारता आले पाहिजे. आजच्या कितीतरी दिमाखदार बोधचिन्हांना ही परीक्षा लावून पाहा; ते काय आहे हे दुकानदाराला शब्दांत सांगता येते का? जुन्या बाजारात असे छाप अजून मिळतात. दहा-वीस जमवा, वर्षांनुसार लावता येतात का पाहा. पहिल्या वर्षाच्या एका असाइनमेंटची सोय झाली.

उल्हासनगरचे तर सगळे शहरच एक फेरवापराचा धडा आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेला कल्याण कँप. फाळणीनंतर सिंधमधून आलेली एक लाखाच्या आसपास माणसे तेथे उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराक बांधताना तिची योजना रांगेने झोपणाऱ्या पुरुषांसाठी केलेली होती. तिच्यात चुली, न्हाणी, बाळंतिणी, म्हातारी माणसे आणि लाज राखणारी आडोशाची भिंत कशी बसवायची, हा प्रश्न कोणा वास्तुतज्ज्ञाने सोडवला नाही. त्या कुटुंबांनी सोडवला. पुढे त्याच बराकींतून पापड-लोणच्यांचे उद्योग आणि लहानमोठे कारखाने निघाले. आजही पत्ता विचाराल तर कँप नंबर आणि बॅरेक नंबर सांगतात. तुमच्या वर्गात 'वापरणाऱ्याच्या गरजा समजून घ्या' असे सांगितले जाईल तेव्हा ज्यांची आजी बराकीत राहिली आहे त्यांनी तिच्याकडून एका खोलीचा नकाशा काढवून घ्यावा : कोण कोठे झोपे, पाणी कोठे असे, पाहुणा आला की काय हले. ही माहिती देणारी पिढी आता थकली आहे. दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नका.

'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच; मुंबईची माणसे तो थोडा नाक वर करून सांगतात. मला तो विनोद जरा अन्यायाचा वाटतो. परदेशी वस्तू खोलून, तिचे भाग ओळखून, हाताशी असलेल्या साहित्यात ती पुन्हा उभी करणे याला ज्ञान लागते. दुसऱ्याचे नाव लावून विकणे ही फसवणूक खरीच, तिचे समर्थन नाही. पण खोलून पाहण्याची ती हुशारी, नाव चोरण्याचा मोह सोडून, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावी. घरातला बिघडलेला मिक्सर फेकण्यापूर्वी खोला.

आणि आता वालधुनी. हा भाग लिहिताना मला आनंद नाही. शिलाहारांचे मंदिर ज्या नदीच्या काठी उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरातून जाते. जीन्स निळी करणे आणि मग ती मुद्दाम फिकी, विटकी, वापरल्यासारखी दिसेल अशी धुणे, हा उल्हासनगरातील मोठा धंदा होता. त्या धुलाईचे पाणी आणि आसपासच्या कारखान्यांची रसायने यांनी नदीचे काय केले ते पुलावर उभे राहिलेल्या कोणालाही नाकाने कळते. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि त्यापुढेही गेले. धुलाईचे अनेक कारखाने बंद झाले. त्यांवर पोट असलेल्या कामगारांचीही परवड झाली. 'विटका निळा' हा रंग कोणाच्या तरी मनात प्रथम आला असेल, कोणी तरी तो तक्त्यावर नोंदवला असेल, आणि त्या तक्त्यावर नदीसाठी रकाना नव्हता. तुमच्यापैकी जे वस्त्रकलेकडे जाणार आहेत त्यांना रंगाची निवड करायला शिकवतील. त्या निवडीचे पाणी कोठे जाते हे विचारायला त्याच दिवशी शिका. चौथ्या वर्षाच्या प्रबंधासाठी राखून ठेवू नका.

बदलापूरकरांना वाटेल की आपल्याला काय मिळाले. तुमच्या गावाचे नावच. येथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, ही कथा लहानपणापासून सगळ्यांना पाठ. कथा गोड आहे, चिन्हात घालायला सोपी आहे, आणि म्हणूनच धोक्याची. पहिल्याच वर्षी कोणी तरी 'तुमच्या गावाची ओळख रचा' असे काम देईल आणि वर्गात चार घोडे येतील. चित्र काढण्यापूर्वी त्या कथेला आधार कोणता, ती प्रथम कोठे लिहिली गेली, हे शोधा. आधार मिळाला नाही तर घोडा काढूच नये असे नाही. पण मग त्याखाली 'लोककथेनुसार' एवढे लिहिण्याची हिंमत ठेवा. सातचा नऊ कसा झाला ते आठवत असेलच.

माझ्या या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो एका वाचकाच्या वडिलांनीच मला ऐकवला : "फी लाखांत आहे. मुलगा वर्षभर देवळे मोजत बसला तर नोकरी कोण देणार?" या प्रश्नाची मला थट्टा करवत नाही. कर्ज काढून मूल शिकवणाऱ्या घरात सॉफ्टवेअर येणे ही चैन नाही, ती गरज आहे. शिका, जरूर शिका. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतल्या इंटर्नशिपला ते लागेलच. परंतु मी पाहतो की सॉफ्टवेअर दर तीन वर्षांनी बदलते आणि दर वेळी सगळे एकाच रेषेवरून पुन्हा धावू लागतात. मोजण्याची, शंका घेण्याची आणि कोपरा जुळेपर्यंत न उठण्याची सवय ज्याला लागली आहे तो त्या शर्यतीत मागे पडत नाही. महागडा लॅपटॉप पहिल्याच महिन्यात घेऊ नका, एवढे मात्र ठामपणे सांगतो. तुमची संस्था काय वापरते ते पाहून पहिल्या सत्राअखेर घ्या. तोवर एक ओळंबा, पाच मीटरची फीत, बिनरेघांची वही आणि दोन पेन्सिली : पाचशे रुपयांत भागते.

'डिझाइन'ला मराठी शब्द काय, हाही प्रश्न येत असतो. सरकार दरबारी 'संकल्पचित्र' आणि 'अभिकल्प' असे शब्द आहेत. बोलताना ते कोणी वापरत नाही. सुतार 'आराखडा' म्हणतो, गवंडी 'नकाशा' म्हणतो, शिंपी 'बेत' म्हणतो. मला शिंप्याचा शब्द आवडतो.

आता त्या अंबरनाथच्या मुलीसाठी, आणि जे कोणी जाणार असतील त्यांच्यासाठी, थोडी व्यवहाराची माहिती. मंदिर पूर्वेला आहे; स्थानकापासून रिक्षाने दहा मिनिटे, चालत अर्धा तास धरा. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि श्रावणी सोमवारीही गर्दी असते. ते दिवस टाळा. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे त्या बाजूवर ऊन दुपारनंतर येते, आणि उतरत्या उन्हातच भिंतीचे पुढावे सर्वांत स्पष्ट दिसतात. पावसात दगड ओला होऊन इतका काळा होतो की बारकावे बुडतात, पण रूपरेषा तेव्हाच उत्तम कळते. ही संरक्षित वास्तू आहे : शिडी, ट्रायपॉड वगैरेंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, वही-पेन्सिलीला सहसा कोणी अडवत नाही. मूर्तींना हात लावू नका, ठसे घेण्याचा उद्योग तर मुळीच नको. पूजा चालू असेल तर बाजूला सरून बसा. पहिल्या दिवशी संपूर्ण मंदिर काढायला जाऊ नका. गजथरातील सलग पाच हत्ती काढा, आणि ते एकसारखे आहेत की नाहीत ते ठरवा.

रेखाटने मला पाठवा. खाली नाव, ठिकाण आणि तारीख हवी.